जबलपूरला टर्मिनल मिळाले. पुढच्या विमानाची हमी कोणाची?

जबलपूरच्या डुमना विमानतळावर २७ जून २०२४ रोजी मुसळधार पाऊस झाला. साडेतीन महिन्यांपूर्वीच उद्घाटन झालेल्या नव्या टर्मिनलच्या दर्शनी भागातील कापडी छतावर पाणी साचले, त्या भाराने छत फाटले आणि खाली उभ्या असलेल्या मोटारीची त्यात मोडतोड झाली. कोणालाही इजा झाली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे दिल्लीच्या इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळावरील टर्मिनल १ च्या बाहेरील छताचा भाग कोसळून एकाचा मृत्यू झाला, काही जण जखमी झाले. २९ जून रोजी राजकोटच्या विमानतळावरही अशीच घटना घडली. लागोपाठच्या या तीन घटनांनंतर केंद्र सरकारने देशभरातील विमानतळांच्या बांधकामांची तपासणी करण्याचे आदेश दिले. संसदेत आणि वृत्तपत्रांतही चर्चा झाली ती प्रामुख्याने बांधकामाच्या दर्जाची.

या चर्चेत एक बाजू मात्र दुर्लक्षित राहिली. जबलपूरहून दिल्लीमार्गे पुढे जाणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीने त्या दोन दिवसांत त्याच्या प्रवासाची दोन्ही टोके ढासळली होती. दिल्लीच्या टर्मिनल १ वरील उड्डाणे टर्मिनल २ आणि टर्मिनल ३ वर हलविण्यात आली, काही रद्द झाली. ज्याच्या हातात दिल्लीपर्यंतचे एक आणि दिल्लीहून पुढचे दुसरे, अशी दोन स्वतंत्र तिकिटे होती, त्याचे पुढचे विमान चुकल्यास त्याची जबाबदारी कोणावर, या प्रश्नाला देशातील नियमांत समाधानकारक उत्तर नाही. छत कोसळणे हा अपवादाचा प्रसंग झाला. हा प्रश्न मात्र जबलपूरच्या प्रवाशापुढे रोज उभा असतो.

इमारत मोठी, फलक लहान

जबलपूरच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे झाले. पुणे, कोल्हापूर, ग्वाल्हेर यांची नवी टर्मिनले आणि दिल्लीचे विस्तारित टर्मिनल १ यांचाही त्याच समारंभात समावेश होता. जबलपूरच्या विस्तारावर सुमारे ४५० कोटी रुपये खर्च झाले. गर्दीच्या वेळी ५०० प्रवाशांची सोय होईल अशी इमारत उभी राहिली. पूर्वी सुमारे दोन हजार मीटर असलेली धावपट्टी पावणेतीन हजार मीटरपर्यंत वाढविण्यात आली. ही वाढ आवश्यकच होती. १२ मार्च २०२२ रोजी दिल्लीहून आलेले अलायन्स एअरचे एटीआर विमान येथे उतरताना धावपट्टीच्या पुढे गेले होते. त्याआधी डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईहून आलेल्या स्पाइसजेटच्या विमानाला उतरताना रानडुकरांची धडक बसून ते धावपट्टीबाहेर घसरले होते. दोन्ही वेळा प्रवासी बचावले. शहरापासून विसेक किलोमीटरवर, जंगलाला लागून असलेल्या या विमानतळाला लांब धावपट्टी आणि भक्कम कुंपण यांची गरज होती, याविषयी दुमत नाही.

तथापि, धावपट्टी लांब झाल्याने विमाने आपोआप येत नाहीत. नवे टर्मिनल सुरू झाले त्याच वर्षी जबलपूरच्या नागरिकांनी विमानसेवेच्या मागणीसाठी आंदोलन उभारले. ६ जून २०२४ हा दिवस 'नो फ्लाइंग डे' म्हणून पाळण्याचे आवाहन वायू सेवा संघर्ष समितीने केले. विमाने हवीत म्हणून एक दिवस विमानाने न जाणे, असे या आंदोलनाचे काहीसे विरोधाभासी स्वरूप होते. याच सुमारास मध्य प्रदेश उच्च न्यायालयात जनहित याचिकाही दाखल झाली. मुंबई, पुणे, कोलकाता, बंगळुरू या शहरांशी पूर्वी असलेली थेट सेवा खंडित झाली असून इंदूर आणि भोपाळच्या तुलनेत जबलपूर मागे पडले आहे, असे याचिकाकर्त्यांचे म्हणणे होते.

हे शहर दुर्लक्षित राहावे असे नाही. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपुरात आहे. पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय २००३ पासून येथे आहे. तोफगाडी कारखाना, खमरियाचा दारूगोळा कारखाना आणि लष्करी वाहनांचा कारखाना यांमुळे देशाच्या संरक्षण उत्पादनातही या शहराला महत्त्वाचे स्थान आहे. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून आणि पुढे मध्य प्रांताच्या काळात नोकरी, शिक्षण आणि वकिली यांच्या निमित्ताने येथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आजही शहरात आहेत. यांपैकी अनेक घरांतील पुढची पिढी पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात आहे. या कुटुंबांसाठी विमान ही चैन उरलेली नाही. आईवडिलांच्या आजारपणात एका दिवसात पोहोचता येईल की नाही, असा त्यांचा प्रश्न असतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात ठरलेली तपासणीची वेळ गाठणाऱ्या रुग्णाचीही अडचण हीच आहे.

२०२२ साली तुटलेला धागा

जबलपूरच्या प्रवाशाला टर्मिनलपेक्षा अधिक उपयोगी असलेली एक सोय २०२२ मध्येच संपुष्टात आली होती. तिची फारशी दखल घेतली गेली नाही. अलायन्स एअर ही प्रादेशिक कंपनी त्यापूर्वी एअर इंडियाची उपकंपनी होती. तिची विमाने एअर इंडियाच्या क्रमांकाने उडत. त्यामुळे जबलपूरहून दिल्ली आणि दिल्लीहून लंडन किंवा न्यूयॉर्क असा प्रवास एकाच तिकिटावर करता येत असे. मार्च २०२१ मध्ये बिलासपूर–जबलपूर–दिल्ली ही सेवा सुरू झाली तेव्हा छत्तीसगडमधील त्या शहरालाही अशाच जोडणीची आशा वाटली होती.

२७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली. अलायन्स एअर मात्र विक्रीत समाविष्ट नव्हती, ती सरकारकडेच राहिली. एप्रिल २०२२ च्या मध्यापासून दोन्ही कंपन्यांचे आरक्षण वेगळे करण्यात आले. एअर इंडियाच्या खासगीकरणाच्या लाभ-हानीची चर्चा पुष्कळ झाली. परंतु लहान शहरांतील प्रवाशाचे एकसंध तिकीट या व्यवहारात सुटे झाले, ही बाब कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. विमान तेच, मार्ग तोच, आसनही तेच. प्रवाशाची पुढची जबाबदारी तेवढी त्याच्या स्वतःच्या शिरावर आली.

याचा अर्थ आज जबलपूरहून एका तिकिटावर परदेशी जाता येतच नाही, असा नव्हे. इंडिगो कंपनीने २०२१ मध्ये जबलपूरला सेवा सुरू केली. या कंपनीची स्वतःची आंतरराष्ट्रीय उड्डाणे वाढत गेली. जुलै २०२५ मध्ये तिने मुंबईहून अ‍ॅमस्टरडॅम आणि मँचेस्टरसाठी सेवा सुरू केली. परदेशी कंपन्यांशी तिचे करारही आहेत. अशा करारातील प्रवास एका तिकिटावर मिळू शकतो. परंतु तो कोणत्या दिवशी, कोणत्या शहरातून आणि कोणत्या दराने मिळेल हे कंपनीच्या सोयीवर ठरते. दर जुळला नाही की प्रवासी दोन तिकिटे वेगवेगळी काढतो, आणि अडचणीला तेथूनच सुरुवात होते.

एक तिकीट आणि दोन तिकिटे

कनेक्टिंग फ्लाइट ही संज्ञा सर्रास वापरली जाते, पण तिचे दोन अगदी वेगळे अर्थ आहेत. पहिल्या प्रकारात संपूर्ण प्रवास एका आरक्षणात, म्हणजे एका पीएनआरवर असतो. दोन विमानांमधील किमान अंतर कंपनी ठरविते, सामान बहुधा थेट अंतिम मुक्कामापर्यंत जाते आणि पहिले विमान उशिरा पोहोचल्याने दुसरे चुकले तर पर्यायी विमान देणे हे कंपनीचे काम असते. दुसऱ्या प्रकारात प्रवासी स्वतःच दोन तिकिटे जोडतो. येथे कायद्याच्या दृष्टीने कोणतीही जोडणी अस्तित्वात नसते. दुसऱ्या कंपनीच्या लेखी तो वेळेवर न आलेला प्रवासी ठरतो.

इंटरनेटवरील तिकीट विक्रेत्यांनी या दोहोंतील सीमारेषा पुसट केली आहे. दोन कंपन्यांची दोन तिकिटे एकाच पानावर, एकाच रकमेत आणि एकाच वेळी विकली जातात. पैसे एकदाच भरल्यामुळे तिकीटही एकच आहे, असा प्रवाशाचा समज होतो. बारीक अक्षरांतील सूचना कोणी वाचत नाही. खरे तर दोन पीएनआर दिसले की दोन तिकिटे आहेत, इतके ओळखले तरी पुष्कळ मनस्ताप वाचतो.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, नियमांतही हा भेद स्पष्ट आहे. उड्डाण रद्द झाल्याची पूर्वसूचना न मिळाल्यास, किंवा त्याच तिकीट क्रमांकावरील पुढचे विमान त्यामुळे चुकल्यास, प्रवासी भरपाईस पात्र ठरतो. एक तासापर्यंतच्या उड्डाणासाठी ५ हजार, दोन तासांपर्यंतच्या उड्डाणासाठी साडेसात हजार आणि त्याहून अधिक वेळेच्या उड्डाणासाठी १० हजार रुपये, किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती दिली जाते. 'त्याच तिकीट क्रमांकावरील' हे शब्द येथे कळीचे आहेत. जबलपूर–दिल्ली हे उड्डाण दोन तासांच्या आतले. ते रद्द झाल्यास अधिकाधिक साडेसात हजार रुपये मिळतील, आणि वेगळ्या तिकिटावरील लाखभर रुपयांचा परदेश प्रवास बुडाला तर त्याची नोंदही कोठे होणार नाही. धुके, वादळ, हवाई वाहतूक नियंत्रणाचे निर्बंध अशा कंपनीच्या आवाक्याबाहेरील कारणांसाठी ही भरपाईही मिळत नाही.

धुक्याचा उल्लेख झाला म्हणून आणखी एक बाब. जबलपुरात स्वच्छ ऊन असताना विमान तीन तास उशिरा का, असा प्रश्न दर डिसेंबर-जानेवारीत विचारला जातो. जबलपूरहून दिल्लीला जाणारे विमान बहुधा थोड्याच वेळापूर्वी दिल्लीहूनच आलेले असते. दिल्लीत पहाटे धुके असले की ते तेथून निघतच नाही. ज्या विमानतळावर विमान रात्री मुक्कामाला नसते, तेथे सकाळचे पहिले उड्डाणही दुसऱ्या शहरातील हवामानावर अवलंबून असते. दिवसातून पाच-सहा उड्डाणे असतील तर एक चुकले तरी दुसरे हाताशी असते. एक-दोनच असतील, तर पुढचे विमान म्हणजे दुसरा दिवस. म्हणूनच उड्डाणांची संख्या हा प्रतिष्ठेचा विषय नसून तो जोडणीच्या विश्वासार्हतेचा आहे.

टर्मिनल १ की टर्मिनल ३?

दिल्लीला उतरल्यानंतरचे गणितही जबलपूरच्या प्रवाशाने घरीच करून निघणे भाग आहे. टर्मिनल २ आणि टर्मिनल ३ शेजारी असून एकातून दुसऱ्यात पायी जाता येते. टर्मिनल १ मात्र विमानतळाच्या दुसऱ्या बाजूला आहे. तेथून टर्मिनल ३ ला जाण्यासाठी बाहेर पडून बस किंवा टॅक्सी करावी लागते. दोन्ही टर्मिनलना मेट्रो आहे, पण वेगवेगळ्या मार्गांवर. टर्मिनल १ मॅजेंटा मार्गिकेवर आहे, टर्मिनल ३ एअरपोर्ट एक्स्प्रेसवर. त्यामुळे थेट मेट्रोने एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर जाता येत नाही. टर्मिनलना जोडणाऱ्या स्वयंचलित गाडीची योजना अनेक वर्षांपासून चर्चेत आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणे टर्मिनल ३ वरून होतात, हे लक्षात घेता टर्मिनल १ वर उतरणाऱ्या लहान शहरांतील प्रवाशालाच या अंतराचा सर्वाधिक फटका बसतो.

त्यातच टर्मिनल स्थिर राहिलेले नाही. जून २०२४ च्या दुर्घटनेनंतर टर्मिनल १ बंद झाले, ऑगस्टपासून ते टप्प्याटप्प्याने पुन्हा वापरात आले. एप्रिल २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी टर्मिनल २ बंद करून तेथील उड्डाणे अन्यत्र हलविण्यात आली. २६ ऑक्टोबर २०२५ रोजी ते पुन्हा उघडले आणि उड्डाणांची वाटणी पुन्हा बदलली. अवघ्या सोळा महिन्यांत इतकी उलथापालथ झाल्यावर, गेल्या खेपेला अमुक टर्मिनलवर उतरलो होतो, या अनुभवाला काहीच किंमत उरत नाही. भारतात तिकीट आणि ओळखपत्र दाखविल्याशिवाय टर्मिनलमध्ये प्रवेश मिळत नाही. चुकीच्या दारावर पोहोचलेल्या प्रवाशाला केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा जवान परत पाठवितो, आणि सामान घेऊन पुन्हा टॅक्सीच्या रांगेत उभे राहण्यात पाऊण तास सहज जातो.

दोन तिकिटांवर परदेशी निघालेल्या प्रवाशाचा वेळ कसा खर्च होतो, ते पाहण्यासारखे आहे. विमान उतरून दारे उघडेपर्यंत आणि सामान पट्ट्यावर येईपर्यंत अर्धा-पाऊण तास. टर्मिनल बदलण्यासाठी, वाहतूक धरून, तेवढाच. नंतर प्रवेशद्वार, पुन्हा सामान देण्याची रांग, इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणी. आंतरराष्ट्रीय उड्डाणाचे काउंटर साधारणतः निघण्याच्या तासभर आधी बंद होतात. म्हणजे सर्व काही सुरळीत झाले तरी चार तासांचे अंतर जेमतेम पुरते. जबलपूरचे विमान दोन तास उशिरा आले तर तेही नाही. परतीच्या प्रवासात आणखी एक पायरी वाढते. परदेशातून येणाऱ्याला भारतातील पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन आणि सीमाशुल्क तपासणी पूर्ण करून, सामान ताब्यात घेऊन ते पुन्हा द्यावे लागते. त्यामुळे पहाटे उतरून त्याच सकाळच्या विमानाने जबलपूर गाठण्याचा बेत बहुधा कागदावरच राहतो.

मुंबईत परिस्थिती काहीशी बरी आहे. सांताक्रूझकडील टर्मिनल १ आणि सहारचे टर्मिनल २ हे ऑक्टोबर २०२४ पासून मेट्रो ३ च्या एकाच मार्गावर आले. दोहोंमध्ये केवळ सहार रोड हे एक स्थानक आहे. मात्र ही सोय होते न होते तोच नवा संभ्रम निर्माण झाला. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. आता 'मुंबई' या एका शब्दाखाली दोन विमानतळ आले असून त्यांच्यात ३५ ते ४० किलोमीटरचे अंतर आणि मुंबईची वाहतूक आहे. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढे जाण्याचे तिकीट स्वस्त दिसले, तरी ते कनेक्टिंग म्हणून गृहीत धरणे धाडसाचे ठरेल. तिकिटावरील तीन अक्षरी संकेत पाहणे हाच यावर उपाय आहे. जुन्या विमानतळाचा संकेत बीओएम, नव्याचा एनएमआय. गोव्यात दाबोळी आणि मोपा हे दोन विमानतळ २०२३ पासून चालू झाल्यावर प्रवाशांची अशीच गल्लत होऊ लागली होती.

एकाच कंपनीवर भिस्त

स्पाइसजेटने माघार घेतल्यावर जबलपूरची हवाई वाहतूक मुख्यतः एका मोठ्या कंपनीच्या वेळापत्रकावर विसंबून राहिली. त्याचे परिणाम काय होऊ शकतात हे डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशाने पाहिले. वैमानिकांच्या कामाच्या आणि विश्रांतीच्या नव्या नियमांसाठी पुरेशी तयारी नसल्याने इंडिगोला हजारो उड्डाणे रद्द करावी लागली. ५ डिसेंबर या एका दिवशी ही संख्या एक हजाराच्या पुढे गेली. भाडी इतकी भडकली की सरकारला अंतरानुसार कमाल मर्यादा घालावी लागली. ५०० किलोमीटरपर्यंत साडेसात हजार, एक हजार किलोमीटरपर्यंत १२ हजार, अशी ती होती. देशांतर्गत वाहतुकीचा साठ टक्क्यांहून अधिक वाटा एका कंपनीकडे असणे हा स्पर्धेचा प्रश्न म्हणून मांडला गेला. दिल्ली किंवा मुंबईच्या प्रवाशाने अधिक पैसे मोजून दुसरी कंपनी निवडली. जबलपूरसारख्या शहरात दुसरी कंपनी निवडायला ती मुळात हजर असावी लागते.

कंपन्यांची बाजूही येथे मांडली पाहिजे. विमान जमिनीवर उभे असले की तोटा होतो. दिल्ली–मुंबई मार्गावर सकाळ-संध्याकाळ भरून जाणारे विमान जबलपूरला का पाठवावे, हा त्यांचा हिशेब आहे. मोठ्या मार्गांच्या तुलनेत काही क्षमता अन्य मार्गांवर वापरण्याचे बंधन १९९४ पासून आहे. परंतु ते मार्गांच्या गटाला लागू होते, विशिष्ट शहराला नव्हे. त्यामुळे कोणते शहर निवडायचे ते कंपनीच ठरविते. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या उडान योजनेने अनुदानाचा मार्ग दाखविला. त्याची मर्यादा महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात दिसून आली. मंजूर ७७४ मार्गांपैकी ३७१ मार्गच सुरू झाले, त्यांतील ११२ मार्गांनी तीन वर्षांची सवलतीची मुदत पूर्ण केली आणि मार्च २०२३ पर्यंत त्यापुढेही टिकून राहिले ते अवघे ५४. अनुदान संपले की विमान जाते. उरते ती इमारत आणि तिची देखभाल.

नागपूरचा अनुभवही विचारात घेण्याजोगा आहे. देशाच्या मध्यभागी असलेल्या या शहरात बहुविध वाहतुकीचे आंतरराष्ट्रीय केंद्र उभारण्यासाठी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी २००२ मध्ये स्थापन झाली. मिहान प्रकल्पाच्या नावातच 'हब' हा शब्द होता. अमेरिकेत १९७८ च्या निर्बंधमुक्तीनंतर अटलांटासारखी केंद्रे वाढली ती केवळ भौगोलिक स्थानामुळे नव्हे. एका कंपनीने आपली अनेक विमाने तासाभराच्या अंतराने तेथे उतरविली आणि प्रवाशांची अदलाबदल करून पुन्हा सोडली, म्हणून ती वाढली. नागपूरला मध्यवर्ती स्थान होते, जमीन होती. वेळापत्रक जुळवून देणारी कंपनी मिळाली नाही. जबलपूरने तर हब होण्याची मागणीही केलेली नाही. दिल्लीच्या आणि मुंबईच्या पुढील विमानांशी वेळ जुळेल अशी सकाळ-संध्याकाळची दोन-दोन उड्डाणे मिळाली तरी या शहराचे बरेचसे काम भागेल.

रेल्वेने केले ते विमानाला का नाही?

गंमत अशी की जोडणी या कल्पनेशी जबलपूरचे नाते फार जुने आहे. मुंबईहून येणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि अलाहाबादकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे मार्च १८७० मध्ये जबलपूरलाच एकमेकींना मिळाल्या, आणि मुंबई–कोलकाता हा सलग लोहमार्ग पूर्ण झाला. दोन वेगळ्या कंपन्यांचे रूळ येथे जोडले गेले. आज त्याच शहरातील प्रवाशाला दोन विमान कंपन्यांची तिकिटे जोडता येत नाहीत.

रेल्वेने या बाबतीत अलीकडे एक लहान, पण महत्त्वाची सुधारणा केली. १ एप्रिल २०१९ पासून प्रवाशाला दोन गाड्यांचे पीएनआर एकमेकांशी जोडून घेता येतात. पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली, तर ठरावीक अटींवर दुसऱ्या प्रवासाचे भाडे कपात न होता परत मिळते. यासाठी नवे स्थानक बांधावे लागले नाही. नियमात बदल आणि संगणक प्रणालीत दुरुस्ती एवढ्यावर काम झाले. अर्थात, तेथे दोन्ही गाड्या एकाच यंत्रणेच्या आहेत, ही सोय विमान क्षेत्रात नाही. खासगी कंपन्यांनी परस्परांचा उशीर का सोसावा, हा आक्षेप रास्त आहे. परंतु देशांतर्गत पहिल्या टप्प्याच्या विलंबामुळे दुसऱ्या कंपनीचे विमान चुकल्यास निदान पुढील उपलब्ध विमानात माफक शुल्कात बदल करून देण्याची सक्ती करता येईल. विलंबाचा दाखला देणे डीजीसीएला कठीण नाही. प्रत्येक उड्डाणाची वेळ नोंदलेली असतेच. तिकीट विक्रेत्यांनी दोन स्वतंत्र तिकिटे विकताना 'ही जोडणी नाही' असे ठळक अक्षरांत, मराठी-हिंदीसह प्रादेशिक भाषांत सांगावे, ही अपेक्षाही अवास्तव नाही.

असा नियम होईपर्यंत जबलपूरकरांनी आपापले मार्ग शोधले आहेत. काही जण आदल्या दिवशी दिल्लीला जाऊन विमानतळाजवळ मुक्काम करतात आणि त्या खोलीचे भाडे तिकिटाच्या किमतीतच धरतात. काही जण विमानाचा पहिला टप्पाच वगळून श्रीधाम किंवा महाकोशल एक्स्प्रेसने निजामुद्दीन गाठतात. मुंबईसाठी गरीब रथ आहे. दक्षिणेकडील मार्ग पुन्हा नागपूरचाच आहे. जबलपूर ते नागपूर सुमारे २७० किलोमीटर, पेंचच्या जंगलातून जाणारा चौपदरी महामार्ग, चार-पाच तासांचा प्रवास. नागपूरहून देशांतर्गत उड्डाणे अधिक आहेत, दोहा आणि शारजाची उड्डाणेही अलीकडच्या वर्षांत चालली आहेत. रात्री जेवण करून निघालेली मोटार पहाटे सोनेगावला पोहोचते. वाटेत टायर फुटला तर तासभर जातो, पण तो तास कोणाच्या हिशेबात जाणार, हे प्रवाशाला निघतानाच ठाऊक असते.